दाराआडचं बटण

मी, खाली सही करणारी, निवृत्त नकाशेकार, गल्लीतली पोरं जिला विटाआजी म्हणतात ती, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवायला मला त्यांच्यासमोर खेळण्यातल्या विटांचा जिना करून दाखवावा लागला. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. माझं नकाशाचं टेबल, पट्ट्या व पेन्सिली भाचीला. टोक चाकूनेच करावं.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी. भांडण्याइतकी ती नाही.

कलम ३. जाऊबाईंना माझा चष्मा. आमच्या विटांच्या घरांना त्या चारचौघांत 'पोरखेळ' म्हणाल्या होत्या. आता नीट बघावं.

कलम ४. विटांविषयी. खेळण्यातल्या विटांचा हा डबा मुलाच्या वाढदिवसाला आणला. त्याचं मन त्यातून लगेच उडालं, आम्हा नवराबायकोचं जडलं. दिवसभर मी ऑफिसात लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचे, हे लोकांच्या घरात वायरिंग करायचे, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत फरशीवर बसून आम्ही आमचं घर बांधायचो. डबा एकच, म्हणून नवं घर हवं तर जुनं मोडायचं. माझा पहिला जिना थेट भिंतीत गेला. हे म्हणाले, "चढायची हौस दांडगी, पण वर जागाच नाही!" यांचा प्रश्न दर घराला ठरलेला: "दार कुठल्या बाजूला उघडतं? बटण कुठे घेऊ?" फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे खरं घर बांधलं, तेही आधी विटांत उभं करून. त्या विटांच्या घरात मधल्या खोलीचं दार मी उलटं बसवलं. यांनी ते बघून बटण घेतलं, सुताराने मात्र नकाशा बघून दार लावलं. तेव्हापासून दार उघडलं की बटण त्याच्याआड जातं. चूक कोणाची, हा वाद आम्ही जन्मभर चवीने घातला. मुलं दाराआड हात घालतच मोठी झाली. मुलगा अजून स्वतःच्या घरी दारामागे चाचपतो, असं सूनबाई सांगतात. मुलीचंही तेच, असं जावई म्हणतात.

हे गेले आणि त्यांची आरामखुर्ची कोणी घ्यायची, यावरून बहीणभावांचं बोलणं तुटलं. माझ्याकडे दोघं येतात, पण एकमेकांना टाळून. मला याचं फार वाईट वाटतं.

कलम ५. ती खुर्ची शेजारच्या सुतारकाकांना. विषय संपला.

कलम ६. घर दोघांचं, समान. डब्यातल्या भिंतींच्या विटा मुलाला, दारं-खिडक्या मुलीला, छप्पर वकीलसाहेबांच्या ताब्यात. दोघांनी मागच्या खोलीत एकत्र बसून हे घर विटांत उभं करावं. ते झाल्यावरच वकीलसाहेबांनी छप्पर आणि घराच्या किल्ल्या द्याव्यात. नंतर घर विका नाहीतर ठेवा, माझी हरकत नाही. मधल्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, ते मात्र एकमेकांना विचारा. वकिलांना नाही.

सही: विटाआजी

साक्षीदार:
१. समोरच्या शिंपीणकाकू (वाचून, डोळे पुसून)
२. दाखला देणारे डॉक्टर

दिनांक: सात फेब्रुवारी
ठिकाण: मधली खोली. अंधारून आलं होतं, म्हणून दाराआड हात घालून दिवा लावला आणि मग सही केली.