स्वखुशीने

बुधवार, दुपार
हॉस्पिटलसमोरची खोली

प्रिय बाबा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. खोलीला खिडकी आहे, नळाला पाणी आहे. उशी उंच होते म्हणून आत्या सकाळपासून कुरकुरतेय. शनिवारी तुमचं डायलिसिस झालं का, की मशीन पुन्हा बंद होतं? पायांची सूज कशी आहे? शिलाईला बसू नका, गिऱ्हाइकं थांबतील.

माझ्या तपासण्या झाल्या. माझी किडनी तुम्हाला चालेल. आत्याने हे लिफ्टवाल्यालासुद्धा सांगितलं.

ऑपरेशन मात्र या महिन्यात नाही. आत्या फोनवर तुम्हाला "कागद अडकलाय" म्हणाली. तसं नाही, बाबा.

गेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तेवढा वेळ आपल्याकडे नाही, म्हणून घरचंच कोणी लागतं. आणि घरचं देणार असलं की हॉस्पिटलची समिती देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारते, घरच्यांचा दबाव तर नाही ना. मला विचारलं, "स्वखुशीने देतेस?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"भीती वाटते?"

"वाटते. पण त्यामुळे नाही."

मग कशामुळे, ते मला सांगता येईना. कपडे बेतायच्या टेबलाशी बसवून तुम्हीच शिकवलंत ना, की अंदाजाने बोलू नये? घरात माझ्याशिवाय कुणाचीच जुळत नाही. दुसरा रस्ताच नसला तर त्याला खुशी म्हणतात का? तुम्ही जगावं असं मला वाटतं, हे अगदी नक्की. पण ते त्यांनी विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर आत्या कडाडली, "हो म्हणताना जीभ झडली असती का तुझी? बापाने शिकवलं आणि बापाच्याच मुळावर आलीस!" मग स्वतःच रडली, आणि आपल्या ताटातलं मला वाढलं.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा बोलावणार आहे. तोवर तुमचं कसं होईल, याची भीती वाटते. कधी वाटतं, आत्ताच धावत जाऊन हो म्हणावं. पण ते खरं असेल की नुसती घाबरगुंडी, तेही कळत नाही.

काय सांगू, हे तुम्हालाच विचारायला बसले होते. पण नको, तुम्ही काही सांगू नका. "दे" म्हणालात काय किंवा "नको" म्हणालात काय, ते उत्तर तुमचं होईल. तुम्ही फक्त तोवर टिकून राहा.

तुमचीच, पण या एका उत्तरापुरती स्वतःची होऊ पाहणारी,
धाकटी