दोन घरांमधला ब्रिज

१२ जानेवारी २००६
व्हीआरएस घेतल्याचं सार्थक झालं. कार्डं छापून आली. 'फायनान्स कन्सल्टंट'. मोहिनी म्हणाली, म्हणजे दलालच ना? बायकोशी बिझनेसबद्दल बोलायचं नाही. नवा संकल्प.

१९ जानेवारी
पहिली क्लायंट! पंचवटीतल्या मालनबाई, रिटायर्ड नर्स. गुडघे दुखतात म्हणून इंदिरानगरला लिफ्टवाला फ्लॅट बुक केलाय. जुनं घर विकलं जात नाही. मार्चअखेर पैसे भरले नाहीत तर टोकन बुडालं. मी समजावलं, घर विकेपर्यंत ते तारण ठेवून पैसे उचलायचे. याला ब्रिज लोन म्हणतात. माझे दोन टक्के. त्या म्हणाल्या, त्यापेक्षा घरालाच गिऱ्हाईक बघा. घरं विकणं माझ्या लेव्हलचं काम नाही, असं नम्रपणे सांगितलं.

२५ जानेवारी
तीन बँका नाही म्हणाल्या. पण एका मॅनेजरने चहा पाजला. कॉन्टॅक्ट वाढताहेत. आता प्रायव्हेट पार्टी बघणार. सेकंडहँड झेन गाडी घ्यायची, रंग ठरवला.

४ फेब्रुवारी
पिंपळगावला गोटीराम शेठकडे. कांद्याचे व्यापारी, पैसा पडून आहे. अर्धा तास बोललो, मधूनमधून इंग्रजीत. शेठ म्हणाले, "सायेब, घर कुठं हाय तेवढं सांगा." भलतेच इम्प्रेस.

११ फेब्रुवारी
शेठना घर दाखवलं. त्यांनी नळ सोडून बघितले, भिंती ठोकून बघितल्या. व्याजाबद्दल अवाक्षर नाही. मोठी माणसं! सोबत त्यांची आई, कुसाबाई. रामकुंडावर आंघोळ करून आलेल्या. मागच्या ओट्यावर बसल्या त्या उठेचनात. फायनान्सच्या मीटिंगला आई कशाला आणायची?

१४ फेब्रुवारी, दुपार
मी जरा पडलो होतो. शेठचा फोन मोहिनीने घेतला. बराच वेळ बोलली. क्लायंटशी गप्पा मारायच्या नाहीत, असं बजावलं. ती काहीतरी सांगत होती. ऐकायला वेळ नव्हता, झेनसाठी टेप बघायला जायचं होतं.

२० फेब्रुवारी
मालनबाईंचं घर विकलं गेलं. शेठनीच घेतलं, आईसाठी. फ्लॅटचे पैसेही भरून झाले. माझे दोन टक्के विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते कर्जावर होते ना? कर्ज घेतलंच नाही मी."
जेवलो नाही. फक्त दोन पोळ्या.

२ मार्च
शेठ घरी आले. पेढे माझ्या हातात, पाकीट मोहिनीच्या. मला म्हणाले, "ताईच बोलल्या फोनवर. आईला घर आवडलंय तर त्याच्यावर कर्ज कशाला देता, घेऊनच टाका."
म्हणजे डील माझ्याच घरातून झालं! मार्केटिंग माझं, फोनही माझाच.

रात्री मोठ्या मनाने मोहिनीला असिस्टंटची ऑफर दिली. ती म्हणाली, मालनबाईंच्या ओळखीतून दोन पार्ट्या आधीच आल्यात. सकाळी नऊला त्यांच्याकडे जायचंय, स्कूटर पुसून ठेवा.
पगाराचं विचारलं. काम बघून ठरवू म्हणाली.