गरम दुधातली पावडर

सोमवार, संध्याकाळ. गडचांदूर.

बाबा गेल्यापासून घरात वर्षभरासाठी अंडं-मटण बंद आहे. ते मोडायचं नाही, पण माझं अंग उतरलं आहे. जिममध्ये पूर्वीचं वजन उचलवत नाही. म्हणून आज प्रोटीन आणि क्रिएटिन एकत्र असलेल्या पावडरचा डबा आणला.

आईने आधी विचारलं, "यात अंडं त नाई ना? तुया बाबाचं वरीस व्हाचं हाये अजून."

दुधापासूनची आहे, असं डब्यावर वाचून दाखवलं. तरी मलाच शंका. दुधाचं चालतं ना? चालतं.

मी कपडे बदलून येईपर्यंत तिने ती पावडर उकळत्या दुधात टाकली. सगळ्या गाठी! थंड पाण्यात घालायची हे मी सांगितलंच नव्हतं.

"हे त खरवस झालं रे बाबू. हे खाऊन पैलवान होते का लोकं?" आणि ती हसली. किती दिवसांनी.

टाकवेना. त्या गाठी चमच्याने खाल्ल्या. चव बरी होती.

झोपायला जाताना म्हणाली, "उद्या थंड्या पाण्यात कर. बाबाचा गिलास घे, मोठा हाये."

तो गिलास बाबा गेल्यापासून कोणी वापरला नव्हता. आत्ताच फळीवरून काढून धुऊन ठेवला.