शिवदारा आणि स्कायलॅब

७ जुलै १९७९, सकाळ
बुधवारी वाचनालयात माझं व्याख्यान: 'विज्ञान, अध्यात्म आणि माणुसकी'. सोलापूरला शहाणं करायची शेवटची संधी. शेजारचा भुसारवाला चनबसप्पा पहिल्या रांगेत बसणार म्हणे. मठ्ठ माणूस. अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा स्कायलॅब कोसळणार म्हणतात, ती डोक्यावर पडू नये म्हणून गल्लीत भजन लावतो. आजपासून त्याच्याशी बोलणं बंद.

८ जुलै
आईनं जेवण सोडलं. मी आम्हा लिंगायतांचं इष्टलिंग शिवदाऱ्यासकट गळ्यातून काढून ट्रंकेत टाकलं त्याला वर्षं झाली. विज्ञान शिक्षकाला ते शोभत नाही. आता ते परत घातल्याशिवाय ही घास घेणार नाही. "आभाळ पडायलंय आन् तुजा गळा मोकळा," म्हणते. शुद्ध ब्लॅकमेल! कक्षा, घर्षण, प्रॉबॅबिलिटी, सगळं पाटीवर काढून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. अडाणीपणाला औषध नाही.

१० जुलै
आई नुसत्या पाण्यावर. दाक्षायणी म्हणाली, घाला की एकदाचं, म्हातारी मरंल. बायकोसुद्धा फितूर! चनबसप्पा येऊन आईचे पाय चेपून गेला. वर मलाच शिकवतो, "सर, लिंग ऱ्हाऊ द्या, घटकाभर जवळ तरी बसा की." बसायला वेळ कुठाय? भाषणातला माणुसकीचा भाग अजून लिहायचाय.

११ जुलै, दुपार
रेडिओवर सांगितलं, आजच पडणार. कुठं, ते नक्की नाही. बेजबाबदार शास्त्रज्ञ! ट्रंक आवरायला काढली. लिंग सापडलं. शर्टाच्या आत घालून पाहिलं, केवळ निरीक्षण म्हणून. काहीही फरक वाटला नाही. काढायला मात्र वेळ मिळाला नाही.

१२ जुलै
स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली.

कालचं व्याख्यान. 'भीती ही अज्ञानाची लेक' असं म्हणतोय तोच बाहेर पत्रा कोसळला. मी टेबलाखाली. (खडू पडला होता.) वर आलो तर शिवदारा कॉलरबाहेर आणि लिंग सगळ्यांसमोर छातीवर. मग तो चनबसप्पा उठला, डोळे पुसत म्हणाला, "बगा, आईसाटी सरांनी हट्ट सोडला. हीच माणुसकी!" टाळ्याच टाळ्या. नालायक! मला सबबसुद्धा शोधू दिली नाही.

घरी आलो. गळ्यात लिंग बघून आई ताकातल्या कण्या खायला बसली. माझ्या गळ्यावरून हात फिरवत तिनं विचारलं, "माज्यासाटीच घातलंस न्हवं?"

घालताना तिची आठवणसुद्धा झाली नव्हती.

हो म्हणालो. तिनं आणखी वाटीभर कण्या मागितल्या.