फॅनचं तोंड देव्हाऱ्याकडे

आई,

तू देवळात गेलीस आणि बाबांच्या वॉर्डातून फोन आला. डॉक्टरांना घरच्या कुणाशी तरी बोलायचंय म्हणे, कशाबद्दल ते सांगेनात. मी परळला निघालेय. तू धावत येऊ नकोस, मी फोन करते.

काल बाबांसाठी लावलेला दिवा दोनदा विझला आणि तू रात्री जेवली नाहीस. तो माझ्यामुळे विझला. कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा, म्हणून मी सीपीयूच्या डब्याला भोक पाडून मोठा फॅन बसवला ना? इतके दिवस आतल्या वायरींचा गुंता वारा अडवत होता. काल मी त्या सगळ्या नीट बांधून मागे सारल्या आणि वारा सरळ देव्हाऱ्यावर जायला लागला. आत्ता हात धरून बघितलं, पार ज्योतीपर्यंत लागतो. अपशकुन वगैरे काही नाही.

चहा थर्मासमध्ये आहे. बिस्किटं तरी खा.

कॉम्प्युटर बंद केलाय, प्लगसुद्धा काढलाय. खिडकीही लावून घेतलीय. आता दिवा विझला, तर मला सांगू नकोस. गुपचूप परत लाव.

सुचित्रा