लाल पाटी

रविवार, ऊर्जानगर

टॅबवरची दोनशे पुस्तकं आज विषयवार लावाले घेतली. मधात कोणी हात लावू नये म्हणून आमच्या वीज प्लांटातल्यासारखी पुठ्ठ्याची लाल पाटी टॅबले बांधली: ‘काम चालू आहे.’ प्लांटातला नियमच आहे, जो बांधते, तोच सोडते!

बायको त्याच टॅबवर रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणावर होती. म्हणे, “खुनी कोण, तेवढं पाहू द्या न जी.”

“नाई. नियम म्हणजे नियम.” काऊन एवढा ताठलो मी?

चार वाजता चहा मांडाले गेलो, त गॅसच्या शेगडीलेही लाल पाटी! अक्षर तिचं. सोडाले गेलो, त म्हणे, “नियम म्हणजे नियम जी.”

टॅबची पाटी सोडली अन् टॅब तिच्या हाती दिला. पुस्तकं अर्धीच लागली. सात वाजले, शेगडीची पाटी तशीच आहे. शेवटचं प्रकरण इतकं मोठं काऊन असते?