दोनशे बारा रोपे आणि चौदा दुलया

मी, इस्मार मादाझा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा भाजीपाला, राहणार साझ-आरिक, तोकमोक शहराच्या खालच्या अंगाला, किर्गिझ देश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणेघेणे नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दटावलेले नाही. मुलगा युनुस शेजारच्या खोलीत आहे आणि मी काय लिहितो आहे हे त्याला ठाऊक नाही. याआधी मी कधी मृत्युपत्र केले नव्हते, कारण मरायला वेळ आहे असे मला दरवर्षी रोपे लावताना वाटत आले.

कलम १. घर, अंगण, तळघर आणि जर्दाळूची तीन झाडे युनुसला. मुलगी झेनेपा हिचा धर्माप्रमाणे होणारा वाटा तिला मिळावा. त्याखेरीज तिच्या आईची चांदीची कर्णफुले तिची. झुहरा जाऊन नऊ वर्षे झाली, कर्णफुले चहाच्या डब्यात आहेत. सुनेने डबा घासायला काढला तर आधी आत बघावे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझी माती करावी. मोठे जेवण घालू नये. ज्यांना लगमान खायचे आहे त्यांनी ते मी जिवंत असताना येऊन खावे. उरेल ते दोघा भावंडांनी वाटून घ्यावे.

कलम ३. हत्यारे. दोन फावडी, कुदळ, रोप लावायची लोखंडी टोकाची खुंटी, अलीकडे विणलेल्या बोरूच्या अठरा चटया आणि तळ कापलेल्या एकसष्ट काचेच्या बरण्या युनुसच्या. चुलतभाऊ याकूब हा माझ्या कागदी टोप्यांना तीस वर्षे हसत आला. मिरचीच्या रोपांवर मी जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या घालतो, त्यावर तो बाजारात म्हणतो, "इस्मारच्या वाफ्यात सगळे पेपर वाचत बसलेत." याकूबला माझ्याकडून रद्दीचा एक गठ्ठा द्यावा. दुसरे काही देऊ नये.

कलम ४. युनुससाठी सूचना, कारण तो शाळेत हुशार होता आणि शेतात हुशार नाही. मे महिन्यात दिवसभर पाऊस किंवा भुरभुर बर्फ पडला, आणि संध्याकाळी वारा एकदम पडून आभाळ स्वच्छ झाले, तर खूश होऊन चहा पीत बसू नये. तीच वेळ वाईट. दुपारीच सऱ्यांना पाणी सोडावे, ओली माती ऊब धरून ठेवते. कामट्यांची कमान करून त्यावर पांघरूण घालावे. पांघरूण पानाला टेकू देऊ नये, टेकले तिथे पान जळते. सकाळी घाई करून उघडू नये. कुठे पानावर बर्फ धरलाच तर ऊन यायच्या आत पाटाचे पाणी शिंपडावे, म्हणजे तो हळू सुटतो. काळी पडलेली पाने लगेच खुडू नयेत, आठवडाभर थांबावे. खालून फुटवा येतो.

हे सगळे मला येत होते. तरी पुढचे कलम वाचल्यावर कळेल की हे मी तुला का शिकवू नये आणि कोणी शिकवायला हवे.

कलम ५. पाटाकडेचा पट्टा, रुंदी आठ सऱ्या, त्याला लागणारी पाण्याची पाळी, आणि आमच्या मिरचीचे बी, जेवढे माझ्या मरणाच्या दिवशी बरणीत असेल त्याचा अर्धा हिस्सा, हे शेजारीण फाझेर चिंवाझा हिला. धर्म मला एक तृतीयांश माझ्या मर्जीने देऊ देतो. हे त्याहून पुष्कळ कमी आहे. युनुस, तू विचारशील की जिच्याशी बाबा माझ्या आठवणीत धड दोन शब्द बोलले नाहीत तिला का? म्हणून सविस्तर लिहितो.

फाझेरचा नवरा लोवा आणि मी एका बाकावर शिकलो. एकाच पाटावर आमची रोपे वाढली. १९९२च्या जुलैत माझ्या पाळीला पाणी निम्मे येऊ लागले. पाटावर माझ्या वरच्या बाजूला लोवाची पाणी अडवायची फळी होती. मी शुक्रवारी मशिदीच्या अंगणात, सगळ्यांदेखत, त्याला पाणीचोर म्हटले. तो म्हणाला, "इस्मार, तू मला ओळखतोस ना?" मी म्हणालो, "आता ओळखलं." त्यानंतर दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. दोन वर्षांनी लोवा छातीच्या दुखण्याने गेला. मी मयतीला गेलो, पण मागे उभा राहिलो.

आता मिरचीचे. आमचे लोक आपला मुलूख सोडून इकडे आले तेव्हा ती माझ्या पणज्याने डोंगर ओलांडताना कमरेच्या पट्ट्यात शिवून आणली होती. त्या हिवाळ्यात वाटेत माणसे मेली, बी टिकले. लांब, वाकडी, पातळ सालीची, आधी गोड लागते आणि मग माणूस पाणी मागतो. १९९७च्या हिवाळ्यात तळघरातली बरणी फुटली आणि उंदरांनी बी खाल्ले. एक मूठ उरले. आमच्याकडचे बी गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हते, कारण मी कोणाला कधी दिलेच नाही. ते सगळे पेरले, दोनशे बारा रोपे झाली. शहाण्या माणसाने ती दहा मेपर्यंत घरात ठेवली असती. मला बाजारात पहिला यायची हौस. मी १ मेला लावून टाकली.

५ मेला माझे आतडे उतरले आणि मला तोकमोकच्या इस्पितळात नेले. ऑपरेशन झाले. ७ तारखेला दुपारी खिडकीतून पाहतो तर फुललेल्या सफरचंदांवर बर्फ पडत होता. मी पायात जोडे घालायला लागलो. परिचारिका किर्गिझ होती, चांगली धिप्पाड. म्हणाली, "आजोबा, कुठं निघालात?" मी बावन्न वर्षांचा होतो. म्हटले, "माझी मिरची मरतेय." ती म्हणाली, "टाके तुटले तर तुम्हीच मराल, मग मिरची कोण खाणार? झोपा!" मी भिंतीकडे तोंड करून पडलो. माझ्या घराण्याचे बी माझ्या हौसेपायी संपले, हे मला त्या खाटेवर कळून चुकले होते.

घरी जे झाले ते झुहराने मला इतक्यांदा सांगितले की मी ते पाहिल्यासारखे लिहू शकतो.

दुपारी चारच्या सुमाराला झुहरा वाफ्यात उभी राहून रडत होती. हातात चार पोती आणि स्वयंपाकघरातला पडदा. युनुस, तू सहा वर्षांचा होतास. झेनेपा बरण्या आणत होती, पण एकसष्ट बरण्या दोनशे बारा रोपांना कशा पुरणार? तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, सहा वर्षांनी पहिल्यांदा.

"झुहरा, रडून झालं असलं तर फाटक उघड."

फाझेर हातगाडी घेऊन उभी होती. गाडीवर दुलया होत्या. तिच्या मुलीचे लग्न शरदात ठरले होते. चौदा दुलया, दोन हिवाळे बसून शिवलेल्या, लाल आणि हिरव्या साटिनच्या, नव्या कापसाच्या. मुलीच्या सासरी दुलया मोजतात, हे आमच्यात पोरांनाही ठाऊक असते.

झुहरा म्हणाली, "वहिनी, ह्या नको! चिखलाने वाटोळं होईल. लेकीच्या आहेत ना?"

"लेकीला अजून चार महिने आहेत. मिरचीला चार तास नाहीत. कामट्या कुठं ठेवतो तुझा नवरा?"

तिने आधी पांघरूण घातले नाही. आधी पाटावर गेली. त्या दिवशी पाण्याची पाळी तिची होती. तिने स्वतःची फळी लावली, आमची उघडली, आणि आमच्या सगळ्या सऱ्या पाण्याने भरून काढल्या. गार पाण्यात गुडघाभर उभी राहून दारे धरत होती. ज्या बाईच्या नवऱ्याला मी पाणीचोर म्हटले, तिने आपल्या वाट्याचे पाणी माझ्या मिरचीला दिले. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडले. आता राहू देतो.

झुहराने विचारले, "आणि तुमची काकडी?" फाझेरच्या चाळीस सऱ्या काकडी होती. वर नुसते पातळ प्लास्टिक.

"काकडीचं बी बाजारात मिळतं. हे कुठं मिळतं ते सांग. काठी सरळ धर!"

"ते तुमच्याशी इतकं वाईट वागले..."

"तुझा नवरा गाढव आहे, ते गाव जाणतं. पण ही मिरची त्याची नाही. ती डोंगर चढून आली तेव्हा हा जन्मलाही नव्हता. आणि १ मेला लावली! पहिला यायचं होतं ना? ये म्हणावं आता पहिला."

शिव्या देत देत तिने एकेक कमान रोवली. दुलई ताणून बसवताना हात असा फिरवायची, झुहरा सांगे, जणू खाली मूल झोपले आहे. एकही दुलई पानाला टेकली नाही. अंधार पडताना वारा थांबला आणि चांदण्या निघाल्या. पहाटे अंगणातल्या बादलीत बोटभर बर्फ धरला होता. फाझेर उजाडायच्या आधी पुन्हा आली. कडेच्या दोन ओळींवर पांढरे धरले होते, त्यावर पाटाचे पाणी शिंपडले. झेनेपा दुलई उचलायला धावली तर तिचा हात धरला. "थांब पोरी. ती गोठून मरत नाहीत, घाईने मरतात." दहा वाजेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

एकशे अठ्ठ्याऐंशी रोपे जगली. तिची काकडी सगळी गेली, एक वेल राहिला नाही.

मी घरी आलो तेव्हा तिच्या कुंपणावर चौदा दुलया धुऊन वाळत होत्या, साटिनवर मातीचे डाग तसेच. ती तिथे होती. मी तोंड उघडले आणि मिटले. ती म्हणाली, "टाके ओले करू नका," आणि आत गेली. मी झुहराबरोबर बटाट्यांचे पोते पाठवले. पोते परत आले. शरदात त्याच दुलया देऊन तिने लेक सासरी धाडली. वराकडच्या बायका म्हणाल्या, "ह्या काय शेतात अंथरल्या होत्या?" फाझेर म्हणाली, "हो. लाख मोलाचे पाहुणे झोपले होते त्यांच्याखाली." मी मांडवाबाहेर उभा राहून हे ऐकले. असा ताठ कणा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही, पुरुषाचाही नाही.

मग मी आभार का मानले नाहीत? कारण आभार मानायचे तर लोवाच्या नावापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. लोवा चिंवाझाने पाणी चोरले नव्हते. १९९२च्याच ऑगस्टमध्ये मला पाटाच्या बांधात, दोन्ही फळ्यांच्या मध्ये, घुशीचे बीळ सापडले. माझे पाणी तिथून ओढ्यात जात होते. मी ते एकट्याने दगडमातीने बुजवले आणि कोणाला बोललो नाही. लोवा त्यानंतर दोन वर्षे जिवंत होता. हे कलम माझ्या मरणानंतर येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी मशिदीच्या अंगणात मोठ्याने वाचावे.

एवढे लिहून झाल्यावर मागच्या मंगळवारी मी कागद घेऊन फाझेरकडे गेलो. तिचे वय आता चौऱ्याहत्तर. ती लसणाला माती लावत होती. मी कलम पाच आणि सहा वाचून दाखवले. तिने खुरपे खाली ठेवले नाही.

"मेल्यावर वाचणार?"

"हो."

"लोवा मेला तो गप्पच. आता तुम्हीही मेल्यावर बोलणार. मेलेले दोघं बोलत बसा, आणि मी जिवंत बाई ऐकू कुणाचं? भावजी, तुमचा पट्टा नको मला. तोंड आहे ना अजून? मग उघडा."

भावजी ही हाक मी बत्तीस वर्षांनी ऐकली.

काल शुक्रवार होता. नमाजानंतर मी अंगणात काठीवर उभा राहिलो आणि बोललो. घुशीचे बीळही सांगितले. बायका भिंतीबाहेर रस्त्यावर होत्या, तिथे ती होती. मग आर्ली मास्तर, वय ब्याऐंशी, म्हणाले, "इस्मार, बीळ बुजवताना तुला आम्ही तिघांनी पाहिलं होतं. लोवानेही पाहिलं होतं. तो म्हणाला, कोणी काही बोलू नका, तो आपणहून येईल."

मला कोणीतरी बाकावर बसवले.

आज सकाळी फाझेर फाटकात आली. म्हणाली, "चहा आहे का?" मी केला. तिने घोट घेतला, म्हणाली, "पाणचट आहे," आणि पूर्ण प्याली. पट्टा घेईन म्हणाली.

सबब कलम ६ रद्द. ते अमलात आलेले आहे. बाकी सर्व कलमे कायम.

लिहून देणार: इस्मार मादाझा (सही)

साक्षीदार:
१. आर्ली शिंलो, निवृत्त शिक्षक (सही)
२. तुर्दुबेक ओसोरोव्ह, मेंढपाळ (सही)

फाझेर चिंवाझा हिलाही सही करायची होती. जिला मिळणार तिची साक्ष चालत नाही, असे मास्तरांनी सांगितले. ती म्हणाली, "मग मी नुसती बसते." ती बसली आहे.

ठिकाण: साझ-आरिक. दिनांक: ४ मे २०२४, शनिवार.